सगळ्यात वरचा कप्पा

गमरे सर ‘आपत्ती’ म्हणताना ‘त्ती’वर असा जोर द्यायचे, की समोरच्याने नकळत छत्री कुठे ठेवलीय ते बघावं. आधी घसा खाकरायचा, मग चष्मा कपाळावर चढायचा, मग उजव्या हाताचं बोट हवेत. “तर मुद्दा असा की, आपत्तीला आधीच विचारून ठेवायचं. बाई, तू कुठून येणार?” बेलापूरच्या त्या ग्रंथालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या पेन्शनरांना हे इतकं पाठ होतं, की सरांनी ‘तर मुद्दा’ म्हटलं की कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी हळूच ‘असा की’ पुरवायचं.

बाई कुठून येणार, याचं सरांचं उत्तर ठरलेलं होतं. खाडीतून. बेलापूर म्हणजे भरावाची जमीन. भरती आणि पाऊस एकत्र आले की गटारं उलटी वाहायला लागतात, आणि ग्रंथालय तळमजल्यावर. सरांनी पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ‘ग्रंथालय व माहिती केंद्र : आपत्ती पुनर्प्राप्ती योजना’ नावाची अठरा पानी फाइल टाइप करून घेतली होती. लाल चिठ्ठी म्हणजे अमूल्य, पिवळी म्हणजे मौल्यवान, पांढरी म्हणजे बाजारात पुन्हा मिळण्यासारखं. लाल सगळ्यात वरच्या कप्प्यात, पिवळं मधे, पांढरं खाली.

दर एक जूनला तालीम व्हायची. सर स्वतः घंटा वाजवायचे. शिपाई शिवराम आणि क्लार्क अस्मिता खालच्या कप्प्यातली पुस्तकं छातीशी धरून वर चढवायला लागायचे आणि सर मनगटी घड्याळाकडे बघत पुकारा करायचे, “सात मिनिटं! पाणी घोट्यापर्यंत आलंय!”

“सर, माज्या तं गुडघ्याला आलं,” शिवराम स्टुलावरून घाम पुसत म्हणायचा.

“थट्टा नको, शिवराम. तेरा मिनिटं! पाणी कमरेला!”

“मग मी आता पोहते,” अस्मिता म्हणायची.

बावीस मिनिटांत सगळं वर जायचं. सर फाइलीत नोंद करायचे, सगळ्यांना चहा सांगायचे, आणि मग शिवराम दुपारभर तीच पुस्तकं खाली लावत बसायचा.

हसणाऱ्यांना माहीत नव्हतं, पण सरांची ही भीती कुर्ल्याच्या चाळीतली होती. जयप्रकाश गमरे मूळचे गुहागरकडचे, वाढले मात्र वडिलांच्या कुर्ल्यातल्या तळमजल्यावरच्या खोलीत. वडील गोदीत हमाल. खाटेखाली पत्र्याची एक ट्रंक होती आणि ट्रंकेत दीक्षाभूमीवरून एकेक करून आणलेली पुस्तकं. जयप्रकाश बारा वर्षांचा असताना चाळीत पाणी शिरलं. माणसं वाचली, भांडी वाचली, ट्रंक बुडाली. दुसऱ्या दिवशी वडील स्टोव्हपाशी उकिडवे बसून एकेक पान हाताने शेकत होते, पोळी शेकावी तसं. आठ दिवसांनी खाटेखालची जागा रिकामी झाली आणि भिंतीवर, अगदी छताला लागून, एक फळी ठोकली गेली. त्या दिवसापासून जयप्रकाशच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी बसली. पुस्तक वर ठेवायचं. जेवढं प्रिय तेवढं वर.

दुसरी एक गोष्ट शाळेतल्या गुरुजींनी बसवली होती. बॉलपेनने अक्षर बिघडतं. गुरुजी म्हणायचे, दौतीतल्या शाईने लिहिलं की हाताला वळण लागतं. जयप्रकाशच्या हाताला असं वळण लागलं होतं, की तालुक्याची तीन बक्षिसं मिळाली होती आणि लग्नपत्रिकांवरची नावं घालायला अर्धी सोसायटी नेरूळच्या त्यांच्या फ्लॅटवर येत असे. शाई निळी, रॉयल ब्ल्यू. पक्की काळी शाई निब बुजवते म्हणून ती त्यांना चालत नसे.

या दोन गोष्टी आयुष्यभर वेगवेगळ्या चालल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण मध्ये चांगुणाबाई आल्या.

चांगुणाबाई मढवी म्हणजे शिवरामची आत्या, तळवलीच्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ती सगळी हिच्या तोंडात. शिवरामच्या भावाच्या हळदीला सर गेले होते. दुपारची वेळ, जेवणावळ अजून लांब. ओटीवर सत्तरीची एक बारीक बाई डोळे मिटून गात होती आणि आजूबाजूच्या बायका एकेक ओळ उचलत होत्या. भात कांडण्याचं गाणं झालं, हळदीचं झालं, आणि मग एक मिठागराचं लागलं, त्यात नवरीला मिठाचे ढीग मोजायला सांगत होते. सरांनी शिवरामला विचारलं, “हे लिहिलेलं कुठे आहे?”

“लिवलेलं? आतेला लिवता येत नाय, सर.”

“बाकी कुणाला येतं हे?”

“बाकी गावांच्या धवलारनी हायेत. पन ह्ये मिठागराचे तिचे आयशीचे. ते तिलाच.”

सर त्या दिवशी जेवले नाहीत. चष्मा कपाळावर ठेवून पान वाढलेलं तसंच बघत बसले. योजनेत लाल चिठ्ठी होती, पण लाल चिठ्ठी लावण्यासारखी एकही वस्तू त्यांच्या ग्रंथालयात तोवर नव्हती.

पुढच्या रविवारी ते वही घेऊन तळवलीला पोचले. चांगुणाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मांडव नाय तं धवला नाय, मास्तर. कोनाबी आला आनि बटान दाबलं का गायाला मी रेडू हाय काय?”

शिवरामची ती आत्या, म्हणून सरांचीही आत्याच. ते म्हणाले, “मग मांडव घालू, आत्या.”

ती खदाखदा हसली. पण मग खरंच उठली, अंगणातल्या आंब्याची पानं तोडून दाराच्या चौकटीला खोचली, आणि वाटीतली हळद सरांच्या कपाळाला फासली. “आता झाला मांडव. बस नवरदेवा.”

असे एकतीस रविवार झाले. दर रविवारी आंब्याची पानं, दर रविवारी हळद. संध्याकाळी सर घरी शिरले की त्यांच्या पत्नी चारुलता स्वयंपाकघरातूनच विचारायच्या, “आज कुणाशी लागलं?” सर ओशाळून कपाळ पुसायचे, पण साबणाने कधी धुवायचे नाहीत.

एकदा त्यांनी टेपरेकॉर्डर नेला होता. चांगुणाबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. “माजा आवाज डब्यान कोंडू नको. मी मेल्यावर डबा गायला लागला तं पोरी भियातील.” डबा पुन्हा पिशवीत गेला, तो कायमचा.

लिहिण्याबद्दलही तिला शंका होतीच. एक रविवार ती मध्येच थांबली. “तू लिवतोस, त्ये माज्या तोंडातनं जाल काय रं?”

“नाही हो आत्या. उलट टिकेल.”

“आनि तुजा कागूद भिजला तं?”

बोट हवेत गेलं. “तर मुद्दा असा की, भिजणारच नाही. सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवणार आहे. तिथे पोचायला खाडीला शिडी लागेल.”

चांगुणाबाईंनी मान वर करून आपल्या कौलांकडे पाहिलं. मग वाशाला टांगलेल्या शिंक्याकडे बोट केलं. शिंकं ना जमिनीजवळ होतं ना छपराजवळ, बरोबर माणसाच्या खांद्याइतकं. त्यात भाताचं बियाणं होतं. “खालनं भरतीचं पानी येतं, उंदीर येतात. वरनं कौल गलतं. बियानं आमी मधी टांगतो.”

“वा,” सर म्हणाले, आणि मागची ओळ पुन्हा सांगायला लावली. शिंक्याचं त्यांनी लिहून घेतलं नाही. ते गाण्यात नव्हतं.

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत एकेचाळीस धवले पुरे झाले. दोनशे चार पानं, एका ओळीत खाडाखोड नाही. सरांनी वहीला जाड पुठ्ठा घातला, जुन्या दप्तरांना बांधतात तसलं लाल कापड गुंडाळलं, लाल चिठ्ठी चिकटवली आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने ती सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. खाली उतरून दोन पावलं मागे सरकून बघितलं, नव्या घराचं तोरण बघावं तसं.

अस्मिताने सूचीसाठी एकेचाळीस कार्डं केली, एका गाण्याला एक. गाण्याचं नाव, कोणत्या विधीचं, वहीत कितव्या पानावर. बॉलपेनने, भराभर, तिरक्या अक्षरात. ती कार्डं खोलीच्या मधोमध असलेल्या सूचीच्या लाकडी खणात गेली.

“सर, वहीची एक झेरॉक्स मारून घेऊ ना. कोपऱ्यावर तर आहे दुकान. तुमची वही राहू दे की वरती देवासारखी.”

“झेरॉक्सच्या दिव्याने शाई उडते, अस्मिता.”

“मग बॉलपेनने लिहायचं होतं.”

सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने सॅंडविचचं पुडकं उलगडलं आणि विषय मिटवला. तरीही पुडकं सोडता सोडता म्हणालीच, “पण तुमच्याच योजनेत आहे, सर. कलम अकरा. अमूल्य वस्तूची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्यात येईल. कोण ठेवणार ते लिहिलं नाहीये, म्हणून म्हटलं.”

“बघू. दिवाळीनंतर.”

दिवाळीत चांगुणाबाईंना अर्धांगाचा झटका आला. सर तळवलीला गेले तेव्हा ती ओटीवर गोधडीला टेकून बसली होती. उजवं अंग गेलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द बाहेर यायला निघायचा आणि ओठात अडकायचा. घरातले सगळे रडवेले. ती मात्र शांत. तिने डाव्या हाताने सरांच्या खिशातल्या शाईच्या पेनावर दोनदा टिचकी मारली आणि अर्ध्या तोंडाने हसली.

सून सुमित्राबाई म्हणाल्या, “त्या सांगतात, तुमच्याकडं हाय म्हनून ठीक हाय. मास्तर, आमच्या ईश्वरीची हळद मार्चात हाय. आजीच्या लाडाची नात. आमी बायका फेब्रुवारीत येताव वहीसाठी. वाचून वाचून पाठ करू. चाली माज्या डोक्यान हायेत, बोल नायेत.”

“या ना,” सर म्हणाले. “वही तिथेच आहे. कुठे जातेय?”

शहाण्णवच्या जानेवारीत सव्वीस तारीख शुक्रवारी आली. शनिवार चौथा, मग रविवार. तीन दिवस सुटी. गुरुवारी पाइपलाइनच्या कामासाठी पाणी बंद होतं. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात कुणीतरी हात धुवायला नळ फिरवला, पाणी नव्हतं, नळ तसाच राहिला. बेसिनमध्ये चहाच्या कपांचा ढीग. शुक्रवारी दुपारी पाणी आलं. आणि येतच राहिलं.

सोमवारी सकाळी शिवरामने कुलूप काढलं आणि दारातच थांबला. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन होतं. आत पाऊस पडत होता. छताला खांबापासून खिडकीपर्यंत एक काळा डाग पसरला होता आणि त्यातून टप, टप, टप, अगदी सावकाश, सगळ्या कपाटांवर.

सर आले ते फाइल काढायलाच धावले. फाइल कोरडी होती. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण तालमीत तसंच ठरलं होतं. “पाऊल एक. खालच्या कप्प्यांतील ग्रंथ तातडीने वरच्या कप्प्यांत हलवावेत.”

शिवरामने खालची कोरडी पुस्तकं उचलली. छातीशी धरली, स्टुलावर चढला आणि वर, गळत्या छताखाली ठेवू लागला. पाच वर्षांच्या तालमीची सवय. तिसरा गठ्ठा वर गेला तेव्हा अस्मिता किंचाळली.

“शिवराम! अरे काय करतोयस! पाणी वरून येतंय!”

“सर बोलले,” शिवराम म्हणाला. त्याच्या टाळूवर एक थेंब पडला. त्याने वर बघितलं, हातातल्या पुस्तकांकडे बघितलं. मग तिघांनीही एकाच वेळी सगळ्यात वरच्या कप्प्याकडे बघितलं.

सर स्टुलावर कसे चढले ते त्यांना नंतर आठवेना. लाल कापडाचा रंग सुटून फळीवर जांभळासारखं पाणी साचलं होतं. वही त्यात तीन दिवस पडली होती. त्यांनी ती दोन्ही तळहातांवर उचलली, लहान मूल उचलावं तशी, आणि खाली टेबलावर उघडली. पहिलं पान निळसर. दुसरं निळसर, कडेला गुलाबी. पन्नासावं, शंभरावं. अक्षर नव्हतं. पानांवर नुसतं निरभ्र आभाळ होतं.

वरच्या ऑफिसातला माणूस धापा टाकत खाली आला. “सॉरी हां सर, नल चालू रह गया. छुट्टी थी ना. ज्यादा कुछ नुकसान तो नहीं हुआ?”

सरांनी वहीचं आणखी एक पान उलटलं. अस्मिताने हिशेबाच्या सुरात उत्तर दिलं, “साठेक पुस्तकं फुगली. सगळी बाजारात मिळतात.” आणि तिचा आवाज फाटला.

पुढचे आठ दिवस सरांनी काय काय केलं ते शिवरामने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. पानं सोडवून पंख्याखाली दोरीवर टांगली. वाळल्यावर एकेक पान खिडकीत तिरकं धरून निबेचे ओरखडे शोधले. शाईचं पेन हलकं चालतं, कागदावर दाब राहत नाही. बॉलपेन असतं तर खोलगट उमटलं असतं, बोटाने वाचता आलं असतं. सरांचं अक्षर इतकं हलकं, इतकं सुंदर होतं, की त्याने मागे काही ठेवलं नव्हतं. आठ दिवसांत अकरा ओळी हाती लागल्या. त्यातल्या सात एकच होत्या, प्रत्येक गाण्यात परत येणाऱ्या.

आणि आठवत का नव्हतं? एकतीस रविवार त्यांनी प्रत्येक ओळ ऐकली होती, दोनदा विचारली होती. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून ते ओळ आठवू बघायचे. आठवायचं ते आपलं लिहिणं. ‘मि’ची वेलांटी कशी वळली होती, कुठे शाई भरून घेतली होती. बोल आठवत नव्हते. लिहून झालेली ओळ त्यांनी लगेच मनातून काढून टाकली होती, कारण ती वहीत होती.

फेब्रुवारीत सुमित्राबाई आल्या. पदराआड कोरी वही, सोबत दोन जावा, चप्पल दारात काढून. “मास्तर, आमी आलाव.”

सरांनी घसा खाकरला. चष्मा कपाळावर गेला. बोट मात्र हवेत गेलं नाही. “वही बांधणीला दिलीय, वहिनी. पुढच्या आठवड्यात या.”

“बरं. आठ दिस,” सुमित्राबाईंनी बोटांवर मोजलं. “मग पंधरा दिस ऱ्हातात पाठ कराया. जमंल.” आणि तिघी गेल्या.

अस्मिता कार्डांच्या खणापाशी उभी होती. ती रागावेल असं सरांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “सर, त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या.”

त्या रविवारी सर तळवलीला निघाले. ठाणे-बेलापूर रस्त्याने कारखान्यांच्या कुंपणाकडेने बस जात होती आणि मांडीवर एक बिस्किटाचा डबा होता. डब्यात एकेचाळीस कार्डं. ती अस्मितानेच खणातून काढून दिली होती. “हे तरी न्या. कोरं काय जायचं.”

ओटीवर चांगुणाबाई तशाच टेकून बसल्या होत्या. सरांना बघून त्यांनी डावा हात दाराकडे केला. सुमित्राबाईंना कळलं. त्या उठल्या, आंब्याची पानं तोडून चौकटीला खोचली, हळदीची वाटी आणली. चांगुणाबाईंनी डाव्या हाताने सरांच्या कपाळाला हळद फासली. मांडव झाला होता. आता गायला हवं होतं.

“आत्या,” सर म्हणाले, “वही भिजली. सगळं गेलं. बांधणीचं मी खोटं बोललो, वहिनी.”

सुमित्राबाईंचा हात वाटीतच राहिला. “तुमी तं बोल्ले, वरती ठेवलीय. पानी पोचनार नाय.”

“पाणी वरून आलं.”

मग चांगुणाबाईंच्या ओढलेल्या तोंडातून काहीतरी बाहेर आलं. हुंदका असेल असं वाटून सर पुढे झाले. हसू होतं. अर्ध्या तोंडाचं, कडू, खोलवरचं हसू. तिने मान वर केली आणि वाशाला टांगलेल्या शिंक्याकडे नुसती नजर नेली. बियाणं तिथेच होतं, खांद्याइतक्या उंचीवर, कोरडं.

सरांना स्टोव्हपाशी पान शेकणारे वडिलांचे हात दिसले. ते लहान मुलासारखे रडले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी दिली नाही. सुमित्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डब्यान काय हाय?”

कार्डं बाहेर निघाली. सर एकेक नाव वाचू लागले. “भात कांडण्याचा, पान एक ते पाच.” चांगुणाबाईंच्या घशातून सूर निघाला, बोल नव्हते, पण चाल होती. सुमित्राबाईंनी चाल ओळखली आणि तिच्यामागून अर्धी ओळ बाहेर पडली, मग एक. जाऊबाईला पुढची आठवली. सरांनी खिशातून पेन काढलं. मग ते परत ठेवलं आणि घरातल्या एका पोरीच्या दप्तरातलं बॉलपेन मागितलं.

ईश्वरीच्या हळदीपर्यंत त्यांनी सात धवले असे जोडले. एकेचाळीसांतले सात. ते बॉलपेनने उतरले, त्यांच्या तीन प्रती झाल्या, एक ग्रंथालयात, एक तळवलीत, एक चारुलताबाईंच्या पिठाच्या डब्यामागे.

मिठागराचा त्यांत एकही नव्हता.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात सुमित्राबाईंनी सातही गायले. आठव्याच्या जागी त्या थांबल्या. नवरी पाटावर बसलेली, हातांना हळद अर्धीच लागलेली. बाहेर बॅंडवाले वाद्यं जुळवत होते. बायकांमध्ये कुजबुज झाली. सुमित्राबाईंनी मागे वळून सरांना हाक मारली. “मास्तर, हिकरं या. बाकीच्यांची नावं तरी घ्या.”

सर पुढे आले. तालमीत पुकारा करायचा तो आवाज त्यांच्याकडे उरला नव्हता. हळू आवाजात त्यांनी पहिलं कार्ड वाचलं. “मांडवाला पाणी घालण्याचा.” सुमित्राबाईंनी वाटीत एक बोट बुडवलं आणि ईश्वरीच्या गालाला लावलं. “मामाच्या वाटेचा.” आणखी एक बोट. नाव आलं की बायका गप्प व्हायच्या, एका ओळीएवढ्या, आणि मग हळद लागायची. चौतीस नावं, चौतीस बोटं. हळदीचा हात लागून कार्डांचे कोपरे पिवळे होत गेले.

बत्तिसावं कार्ड होतं ‘मिठाचे ढीग मोजण्याचा, पान एकशे एकसष्ट ते एकशे सदुसष्ट’. सर ते वाचून खाली ठेवू लागले तेव्हा चांगुणाबाईंनी हळदीने माखलेल्या डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. घट्ट. तिचे ओठ हलू लागले. बायका पुढे सरकल्या. सरांनी कार्ड उलटं केलं, कोरी बाजू वर केली, गुडघ्यावर ठेवलं आणि बॉलपेनची टोपी काढली.

“बोला आत्या. मी आहे.”

ओठ हलत राहिले. बाहेर बॅंड सुरू झाला. सर कान तिच्या तोंडाजवळ नेऊन बसले, पेन कार्डावर टेकवून, तिचे ओठ थांबून मांडव रिकामा होईपर्यंत. मनगट तिने सोडलं तेव्हा त्यावर पिवळी पाच बोटं उमटली होती.

ते कार्ड अजून सूचीच्या खणात आहे. पुढच्या बाजूला गाण्याचं नाव आणि वहीतली पानं आहेत. मागच्या बाजूला, जिथे पेन टेकवून धरलं होतं, तिथे बॉलपेनचा एक खोल ठिपका आहे. त्यावर बोट फिरवलं तर लागतो.